पेंटर भाऊजींचा बंद रस्ता

माझ्या धाकट्या दिराशी माझं कधी पटलं नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आले आहे. माणूस वाईट नाही. पिणं नाही, जुगार नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण डोक्यात जातात. आमची दोन दुकानं एका भिंतीची. अलीकडे माझं पंक्चरचं, पलीकडे त्यांचं बोर्ड रंगवायचं. तेव्हा दिवसभर डोक्यात जाण्याची पुरेपूर सोय आहे.

माझे यजमान गेले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला सल्ला दिला की दुकान विकून टाक, बाईमाणसाला टायर उचलणार नाहीत. भाऊजींनी सल्ला दिला नाही. त्यांनी शिडी लावून दुकानावरचा पत्रा उतरवला, भावाचं नाव पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'येथे बाई पंक्चर काढतात'. अक्षर असं देखणं की बघत राहावं, आणि मजकूर असा की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे कित्येक दिवस लोक पंक्चर नसताना बघायला थांबायचे. मी टॉमीची लोखंडी पट्टी घेऊन टायर रिंगवरून उतरवत असायचे आणि हे बघे हाताची घडी घालून उभे. मी भाऊजींना म्हटलं, "बाई कशाला लिहिलंत?" तर म्हणाले, "वहिनी, बोर्डावर जे आहे तेच लिहायचं असतं." पुन्हा वर, "आणि 'बाई' हा शब्द बसतो छान."

असे ते. त्यांना जगात शब्द दिसतच नाहीत, अक्षरं दिसतात. आधी पत्र्याला अस्तर लावायचं, ते वाळलं की खडू लावलेली दोरी दोन्ही टोकांना धरून टणकन सोडायची, पांढरी रेघ उमटली की श्वास रोखून पहिलं अक्षर. तेवढ्यात कुणी हाक मारली तर ओ देणार नाहीत. एकदा एका डॉक्टरांचा बोर्ड त्यांनी आठवडाभर अडवून ठेवला, कारण त्यातला 'क्ष' मनासारखा उतरेना. डॉक्टर स्वतः न्यायला आले, तर त्यांनाच म्हणाले, "तुम्ही घाईत टाके घालता का?" शुद्धलेखन मात्र यथातथाच. त्यांनी 'शीतल पेय'चं 'शितल' केलेली अर्धा डझन दुकानं मी दाखवीन. पण शिंपी असो, वकील असो, गावातला प्रत्येक बोर्ड त्यांचाच. लोकांचा एक विश्वास बसून गेला होता. पेंटरच्या अक्षरात लिहिलंय ना, मग ते खरंच असणार.

तर मग टोल आला.

आमची दुकानं जुन्या रस्त्यावर, फाट्याच्या जरा पुढे. फाट्यापाशी नवा रुंद रस्ता सुटतो आणि सुटल्या सुटल्या त्यावर टोलनाका. जुना रस्ता फुकट, पण खड्ड्यांचा. माझं पोट त्या खड्ड्यांवर चालतं हे मी मान्य करते. खड्डे मी पाडलेले नाहीत. भाजीचे टेम्पो, रिक्षा, रोज कामावर ये-जा करणारी साधी माणसं, सगळी जुन्या रस्त्याने जायची. ज्यांना घाई आणि ऐपत दोन्ही होती ती नव्या रस्त्याने जायची. बरं चाललं होतं.

नाक्याचे सगळे बोर्ड रंगवायचं काम भाऊजींना मिळालं, तेही वर्षाच्या बोलीवर. माझी जाऊ हरखून गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरात ठरलेल्या तारखेला पैसे यायला लागले होते. दर बदलले की बोर्ड बदलायचा, आणि दर काय, सदानकदा बदलतात. सगळ्यात मोठा बोर्ड होता कुणाला टोल माफ आहे त्याचा. मी तो वाळत ठेवलेला वाचला आणि मस्तकात तिडीक गेली. मंत्री, त्यांच्यामागच्या गाड्या, मोठे साहेब, माजी साहेब. ज्याला सहज परवडेल असा एकेक वेचून घेतला होता. यादी इतकी लांबली होती की शेवटी भाऊजींना अक्षर बारीक करावं लागलं, आणि त्यांना दुःख होतं ते त्याचंच.

दराच्या बोर्डाखाली एक ओळ होती, 'वसुली समाप्तीचा दिनांक', आणि पुढे कोरं. मी विचारलं, तारीख कुठाय? म्हणाले, "साहेब म्हणाले मोकळं ठेवा." मोकळी जागा भाऊजींना सोसत नाही. त्यांनी तिथे गुलाबाचं फूल काढलं, देठासकट.

"म्हणजे टोल संपणार कधी, तर फूल," मी म्हटलं. "लोकांच्या हातात तरी काय दिलंत मग?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत वाकडं दिसतं," ते म्हणाले.

मला दिसायचंच वाकडं. रोज संध्याकाळी दुकान आवरताना आमची जुंपायची. मी घमेल्यातलं पाणी ओतून देत असायचे, ते टर्पेंटाइनमध्ये ब्रश बुचकळत असायचे आणि टोल कसा न्यायाचा आहे ते मला समजावायचे. जसा काही ह्यांच्या वाडवडिलांनी काढलेला टोल.

"वहिनी, जो वापरेल त्याने भरावं. यात चूक काय? घरात बसलेल्या म्हातारीने ट्रकवाल्याच्या रस्त्याचे पैसे का भरायचे?"

"म्हातारी कांदा खाते ना?"

"खाते की."

"मग कांदा काय चालत येतो? ट्रकवाला टोल भरतो आणि कांद्यावर चढवतो. म्हातारीने उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता टोल भरला. आणि त्या माफीच्या यादीतला साहेब गाडी घेऊन भुर्रकन गेला, त्याने नाही भरला. हा तुमचा न्याय. गाडी घेताना कर, डिझेल भरताना कर, मग तो कर गेला कुठे? रस्ता झाला का त्यातून? का त्याचंही फूल?"

"रस्ता गुळगुळीत हवा तर पैसे लागतात."

"घ्या की. एकदाच घ्या, सगळ्यांकडून घ्या, ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडून जास्त घ्या. रस्त्यात आडवा बांबू टाकून काय घेता? पूर्वी असं करणाऱ्यांना वाटमारे म्हणायचे."

इथे ते शांतपणे ब्रश झटकायचे आणि हुकमाचं पान टाकायचे. "जुना रस्ता आहे की. ज्याला टोल नको त्याने तिकडून जावं. कुणी जबरदस्ती केलीय?"

आणि इथे मी घमेलं उपडं घालून आवरतं घ्यायचे. कारण जुना रस्ता होता, आणि माझं दुकान त्याच रस्त्यावर होतं. भाऊजी ब्रश फडक्यात गुंडाळून, जिंकल्याचं तोंड करून घरी जायचे. ते तोंड आठवलं तरी अजून माझे हात शिवशिवतात.

एक दिवस त्यांच्या दारात नवा पत्रा वाळत होता. लाल अक्षरं, पांढरी जमीन, दोन ओळी. वर 'काम चालू', खाली 'रस्ता बंद'. असा बोर्ड कुणी पाहिला नाही? मी सहज विचारलं, "कुठे काम काढलं?"

"मला काय माहीत. नाक्यावरच्या साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं."

"बघू तरी कुठे लावतात."

लावला आमच्याच फाट्यावर. जुन्या रस्त्याच्या तोंडाशी, दोन ड्रमांच्या मध्ये. मी दुकानातून बघत होते. पहिला भाजीचा टेम्पो आला, बोर्ड वाचला आणि मुकाट टोलकडे वळला. मग रिक्षा वळली. मग सगळेच वळायला लागले. ड्रमांच्या बाजूने ट्रक जाईल एवढी जागा होती, पण एक म्हणून माणूस पुढे आला नाही. म्हणतात ना, पेंटरचं अक्षर. बंद लिहिलंय म्हणजे बंद.

मला वाटलं, खरंच काम काढलं असेल. खड्डे बुजवतील, माझं नुकसान होईल, पण रस्ता तरी होईल. मी वाट बघत बसले. खडी आली नाही, डांबर आलं नाही, साधं घमेलं घेऊन कुणी आलं नाही. पलीकडून रस्ता वापरणारे दोन-चार सायकलवाले यायचे, त्यांना मी विचारायचे, काही काम दिसलं का? ते हसायचे. मी कॉम्प्रेसर सुरू करायचे, हवेचा काटा चढायचा, आणि ती हवा भरून घ्यायला कुणी नाही म्हणून बंद करायचे. दुकान उघडायचं, झाडायचं, बंद करायचं. असं आणखी थोडे दिवस गेले असते तर मला दुकान खरोखरच विकावं लागलं असतं, आणि सल्ला देणारे सगळे नातेवाईक 'आम्ही सांगत होतो' म्हणायला आले असते. दुकान जाण्यापेक्षा मला त्यांचीच जास्त धास्ती होती. नाही, खोटं कशाला बोलू? दुकान जाण्याचीच होती. मला दुसरं काही येत नाही.

मी भाऊजींना म्हटलं, "आता कुठाय तुमचा जुना रस्ता? आता ज्याला टोल नको त्याने कुठून जायचं, तुमच्या डोक्यावरून?"

ते म्हणाले, "काम सुरू होईल."

"झालं नाही तर?"

"वहिनी, अक्षर माझं आहे. पत्रा त्यांचा आहे."

एवढं बोलून जेवायला घरी गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांच्या दुकानात शिरले, पांढऱ्या रंगाचा डबा उचलला, काळ्याचा उचलला, हाताला लागला तो ब्रश घेतला आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, फाट्यावर गेले. वरच्या ओळीतला 'चालू' पुसला आणि तिथे 'बंद' लिहिलं. खालचा 'बंद' पुसला आणि तिथे 'चालू' लिहिलं. 'काम बंद, रस्ता चालू'. यात एक अक्षर खोटं असेल तर सांगा.

पण माझं अक्षर! 'चा' एवढा मोठा झाला की 'लू'ला जागा उरेना, म्हणून तो वर चढला. पांढरा रंग ओला होता, त्यात काळा उतरला आणि ओघळ खाली आले. पहिला टेम्पो आला. चालकाने वाचलं, मान बाहेर काढून पुन्हा वाचलं, पोट धरून हसला आणि टोलकडे वळला. दुसऱ्याने मोबाइलवर फोटो काढला. तिसरा मला म्हणाला, "पोरांचे उद्योग दिसतात, नाही का?" माझ्या हातावर काळा रंग होता. मी हात मागे घेतले.

भाऊजी जेवून आले ते कुणीतरी दाखवलेला फोटो बघूनच. असं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या बोर्डावर? माझ्या बोर्डावर हे असलं?" त्यांचा आवाज चिरकला. "'चालू'चा 'लू' आकाशात? खाली ओघळ? आणि माझा बारा नंबरचा ब्रश बोर्ड चोपडायला? वहिनी, लोक म्हणतील पेंटरला झटका आला."

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत. मजकूर खरा आहे."

"मजकूर गेला चुलीत!"

त्यांनी बोर्ड उतरवला, हातगाडीवर टाकला आणि दुकानात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी म्हटलं, आता हा गृहस्थ मूळचं लिहून देणार आणि आपलं दुकान मिटणार. त्या संध्याकाळी आमची जुंपली नाही, कारण मी त्यांच्याशी बोललेच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही. सायकल काढून कुठेतरी गेले. परत आले तेव्हा भुवयांपर्यंत धुळीने माखले होते. माझ्याकडच्या पिंपातलं पाणी न विचारता घेतलं, तोंड धुतलं आणि म्हणाले, "टोकापर्यंत जाऊन आलो. एक फावडं दिसलं नाही."

"मी काय सांगत होते?"

"तुमचं सांगणं वेगळं. तुम्हाला सगळंच वाकडं दिसतं."

मग बोर्ड आडवा टाकला, खरवडला, नवं अस्तर लावलं. ते वाळल्यावर टणकन दोरीचा आवाज आला. मी माझ्या बाजूला उगाचच एका जुन्या ट्यूबला पॅच लावत बसले. फाट्यावर बोर्ड पुन्हा लागला तेव्हा मी जाऊन पाहिला. लाल अक्षरं, पांढरी जमीन. वर 'काम बंद', खाली 'रस्ता चालू'. 'लू' जागच्या जागी, आणि त्याचा ऊकार तर असा वळवलेला की हात लावावासा वाटेल.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"बोर्डावर जे आहे तेच लिहायचं," ते म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

पहिला टेम्पो आला. चालकाने वाचलं आणि सरळ आत शिरला. विचार नाही, शंका नाही. मग रिक्षा, मग सगळे. दुपारपर्यंत माझ्या दारात दोन गाड्या जॅकवर होत्या. टोलचा रस्ता ओस पडला नाही, तो कसला पडतो. पण ज्यांना भुर्दंड नको होता ते सुटले. मी पंक्चर काढत राहिले. पलीकडे भाऊजी ब्रश धूत राहिले. आभार मानायची आमच्यात पद्धत नाही.

मग नाक्यावरून बोलावणं आलं, दोघांनाही.

साहेबांची खोली थंडगार. टेबलावर काच, काचेखाली काही नाही. कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, त्याच्या पानांवर धूळ. खुर्च्या दोन होत्या, पण बसा म्हणाले नाहीत. साहेब तरुण होते, मऊ बोलत होते. मऊ बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.

"आमचा बोर्ड कुणी बदलला?"

मी विचार केलाच नाही. "मी," म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. भाऊजींसाठी मुळीच नाही. पहिल्यांदा मीच बदलला होता, आणि घाबरते असं त्या माणसाला वाटू द्यायचं नव्हतं.

साहेबांना आनंद झालेला दिसला. "वाटलंच. ड्रायव्हर लोक फोटो दाखवत होते. बाई, तुमचं दुकान रस्त्याच्या हद्दीत येतं, ठाऊक आहे? ते उद्या उचलता येईल. आम्ही आजवर दुर्लक्ष केलं." मग भाऊजींकडे वळले. "पेंटर, तुझा यात काही संबंध नाही, मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात दर बदलतायत, सगळे बोर्ड नवे करायचेत. तू फक्त एवढं सांग, हे बाईंनी केलं."

भाऊजींना बोलायचीही गरज नव्हती. नुसते गप्प राहिले असते तरी भागलं असतं, आणि गप्प राहणं त्यांना उत्तम जमतं. जाऊ घरी वाट बघत होती. ठरलेल्या तारखेचे पैसे होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, त्या प्लास्टिकच्या झाडाकडे बघत राहिले.

भाऊजी म्हणाले, "साहेब, तुम्ही तो बोर्ड पाहिलात का?"

"पाहिला."

"त्यातला 'स्ता' पाहिलात? 'लू'चा ऊकार पाहिलात? असं अक्षर हिच्या बापजन्मात यायचं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'हिच्या' म्हटलं.

"अरे, पण आधी तिनेच फासलं होतं ना काळं..."

"त्याला लिहिणं म्हणत नाहीत. ते वाचून एक तरी गाडी वळली का तुमच्या टोलवरून? नाही वळली. हसले आणि तुम्हाला पैसे देऊन गेले. गाड्या वळल्या त्या माझ्या अक्षराने. मी लिहिलं. जाऊन बघितलं आणि लिहिलं. काम बंद आहे, रस्ता चालू आहे."

साहेबांचा मऊपणा गेला. "तुला काम नकोय का?"

"हवंय. टोल घ्यायला माझी हरकत नाही, साहेब. मी लोकांशी भांडलोय तुमच्या बाजूने. दुसरा रस्ता आहे म्हणून सांगत होतो सगळ्यांना. तुम्ही माझ्याच हाताने तो बंद लिहून घेतलात."

पुढे जे व्हायचं ते झालं. भाऊजींचं काम गेलं. जाऊने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि मी तिला दोष देत नाही. साहेबांनी 'रस्ता बंद'चा छापील बोर्ड मागवून फाट्यावर लावला, पण तिथे काम नाही हे लोक एकदा बघून आले होते; आता बोर्डाला वळसा घालून जातात. माझं दुकान उचलायला अजून तरी कुणी आलेलं नाही. टोल आहे तसा चालू आहे, माफीची यादी आणखी लांबली आहे, आणि भाऊजी अजूनही सांगतात की जो वापरेल त्याने भरावं. ऐकलं की अजूनही डोकं फिरतं.

पण त्या दिवशी त्या थंड खोलीतून बाहेर आल्यावर, नाक्याच्या दारातच, गाड्यांच्या रांगेसमोर मी त्यांना धरलं.

"बापजन्मात? माझ्या बापाला मध्ये ओढायचं काय कारण होतं? तुमचं काय वाईट केलं होतं त्याने? आणि 'हिच्या'? मी थोरली वहिनी आहे तुमची. चार माणसांत माझं अक्षर काढता?"

"वाईटच आहे तुमचं अक्षर," ते म्हणाले.

"असू दे वाईट! तुम्हाला कुणी विचारलं होतं? गप्प बसायचं होतंत!"

रांगेतले लोक खिडक्या खाली करून बघायला लागले. भाऊजी खाली मान घालून उभे होते, रंगाने माखलेली बोटं एकमेकांवर घासत. मला रडू फुटलं होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडत राहिले.